उन्हाळी शिबिर आणि घरातील उपासना

सुरतेहून मुंबईच्या दिशेने निघाले की पहिले मोठे स्थानक लागते ते उधना जंक्शन. येथून पूर्वेकडे फुटणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी गावे घेत सुमारे ३०० किलोमीटरांवर जळगावास मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग पडला, आणि खानदेशातील शेतमजूर व सुरतेतील यंत्रमाग यांची गाठ त्याने कायमची बांधून टाकली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज मराठी बोलणाऱ्यांची वस्ती इतकी मोठी आहे की सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्या शाळाही चालतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे याच मार्गावरील गाड्यांना गावाकडे जाणाऱ्या कुटुंबांची गर्दी लोटते. ट्रंका, गाठोडी, पाण्याच्या बाटल्या आणि खिडकीसाठी भांडणारी मुले हे त्या गर्दीचे नेहमीचे चित्र होय.

या गर्दीत ख्रिस्ती कुटुंबे थोडीच असतात. नवापूर-नंदुरबारकडील मावची, गावित, भिल्ल समाजांतील काही कुटुंबे अनेक पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे कार्य केले त्याचा वारसा तेथील मंडळ्यांत अद्याप दिसतो, आणि त्याच लोहमार्गावरील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्या मुलखात सर्वपरिचित आहे. खुद्द सुरतेतील ख्रिस्ती परंपरा त्याहूनही जुनी आहे. १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फाइवी हे सुरतेत आले. पवित्र शास्त्राच्या गुजराती भाषांतराचे आरंभीचे मोठे काम या दोघांचे. १८४६ नंतर ते क्षेत्र आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. वलसाड, व्यारा, अंकलेश्वर, आहवा येथे अमेरिकेतील ब्रदरन मंडळीने काम उभारले. त्यांचे पहिले कार्यकर्ते विल्बर स्टोव्हर १८९४ साली भारतात आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तेव्हा या गुजराती परंपरा आणि अहमदनगरची (आजच्या अहिल्यानगरची) अमेरिकन मराठी मिशनची परंपरा एकाच छत्राखाली आल्या. नगरकडून उधन्यास आलेल्या एखाद्या गिरणी कामगाराला सुरतेत आपल्याच मंडळीचे देऊळ सापडते, ते या घटनेमुळे. मात्र तेथील उपासना बहुधा गुजरातीत चालते, आणि अडचणीचा आरंभ नेमका येथेच होतो.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गुजरातच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण ०.५२ टक्के आणि महाराष्ट्रात ०.९६ टक्के होते. म्हणजे उधन्यातील मराठी शाळेच्या वर्गात ख्रिस्ती मूल असलेच तर एखादे. घरी ते मावची किंवा अहिराणी मिसळलेली मराठी बोलते, वर्गात प्रमाण मराठी शिकते, गल्लीत हिंदीत खेळते आणि रविवारी गुजरातीत गीत गाते. आई-वडील दोघेही कामावर. यंत्रमागावरील पाळी सामान्यतः बारा तासांची. या आठवड्यात दिवसाची तर पुढच्या आठवड्यात रात्रीची. मागांच्या अखंड खडखडाटात दिवस काढून आलेला बाप घरी येतो तेव्हा त्याचे कान बधिर झालेले असतात आणि डोळे झोपेने जड. एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि प्रार्थना. गावी असताना आजी संध्याकाळी दिवा लागल्यावर नातवंडांना जवळ घेऊन शास्त्रातील गोष्ट सांगत असे. ती आजी ३०० किलोमीटर दूर राहिली. अशा घरातील मुलाकडे आई-वडिलांची श्रद्धा कोणत्या वाटेने पोहोचावी, हा या समाजापुढील खरा प्रश्न आहे. उन्हाळी शिबिर हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होय. आणि ते अपुरे उत्तर आहे, हेही आरंभीच सांगितले पाहिजे.

या संस्थेचा जन्म कसा झाला हे पाहिले म्हणजे तिचे उधन्याशी असलेले नाते ध्यानात येते. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स याने रविवारची शाळा चालविली ती आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी. १८६८ च्या उन्हाळ्यात वेल्समधील लॅन्डुडनोच्या समुद्रकिनाऱ्यावर जोसाया स्पायर्स नावाच्या गृहस्थाने वाळूत शास्त्रातील एक लहानसे वाक्य आखले आणि भोवती जमलेल्या मुलांकडून ते शंखशिंपल्यांनी व समुद्रशेवाळाने सजवून घेतले. मग तेथेच गोष्ट सांगितली. सुट्टीतल्या मुलाकडे सुट्टीच्या जागी जावे ही कल्पना तेथे रुजली.

परंतु आजच्या उन्हाळी शास्त्रशाळेची खरी आई न्यूयॉर्कची एलायझा हॉस ही बाई म्हणावी लागेल. १८९८ साली शहराच्या ईस्ट साइड या गरीब वस्तीत तिने पाहिले की शाळा बंद झाल्या की परदेशांतून आलेल्या मजुरांची मुले दिवसभर रस्त्यावर असतात. मुलांना जमवायला जागा मिळेना, तेव्हा तिने चक्क एक बिअरगृह भाड्याने घेतले! रात्री जेथे मद्याचे पेले फिरत तेथे सकाळी मुले गीते म्हणू लागली. शास्त्रातील गोष्टी, पाठांतर, चित्रकला, हस्तव्यवसाय, खेळ असा तिचा कार्यक्रम होता, आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्याची चौकट फारशी बदललेली नाही. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल या बॅप्टिस्ट पाळकाने ती कल्पना उचलून धरली व धर्मशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना सुट्टीत शिक्षक म्हणून या शाळांत पाठविले. सुट्टीत रिकामी देवळे, रिकामे विद्यार्थी आणि रिकामी मुले या तिहींची सांगड घालण्यात बोव्हिलची व्यवहारबुद्धी दिसते.

मुक्कामी शिबिराची परंपरा थोडी निराळी. १८८५ साली समनर डडली याने सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज लेक या तळ्याकाठी तंबू ठोकले, वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या शिबिरांची ती सुरुवात. १९०७ साली ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांना घेऊन केलेल्या शिबिरातून बालवीर चळवळ निघाली. मुंबईत वाय. एम. सी. ए. १८७५ पासून आहे आणि मावळात ठोकरवाडीच्या जलाशयाकाठी निळशी येथे तिचे शिबिरस्थान आहे. महाराष्ट्रात तर सुट्टीतील शिबिर ही वस्तू कोणा एका धर्माची राहिलेलीच नाही. राष्ट्र सेवा दलाची शिबिरे आहेत, आणि उन्हाळ्यात गावोगावी मुलांना हरिपाठ, मृदंग आणि गीतेचे अध्याय शिकविणारी वारकरी बालसंस्कार शिबिरेही भरतात. याच तापी मार्गावरील अमळनेर येथे १९२० च्या दशकात साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरण्यापासून त्यांची आजारपणे काढण्यापर्यंत सारे काही ते स्वतः करीत. मुलाच्या मनावर संस्कार होतो तो व्याख्यानाने थोडा आणि सहवासाने फार, हे खानदेशाला कोणी परदेशातून येऊन शिकवावयाचे उरलेले नव्हते.

उधन्यासारख्या वस्तीतील उन्हाळी शास्त्रशाळा कशी चालते? मुक्कामाचे शिबिर पुष्कळांना परवडत नाही आणि लहान मुलांना सोयीचेही नसते, म्हणून आठ-दहा दिवसांची सकाळची शाळा हाच प्रकार अधिक रूढ आहे. मे महिन्यात सुरतेची हवा दमट आणि घामेजलेली असते. दहा वाजल्यानंतर पत्र्याच्या छपराखाली बसणे म्हणजे शिक्षाच. म्हणून सकाळी सातच्या सुमारास आरंभ करून उन्हे चढण्यापूर्वी मुलांना घरी सोडणे शहाणपणाचे. प्रथम गीते, तीही हाताच्या अभिनयासह. मग वयानुसार वर्ग. गोष्ट, एका वचनाचे पाठांतर, कागदकाम किंवा चित्र, थोडा खेळ, आणि शेवटी पोहे किंवा उपमा. खाऊच्या वेळेला कमी लेखण्याचे कारण नाही. रात्रपाळीहून परतलेली आई झोपलेली असताना न्याहारीवाचून आलेली मुले या वर्गात असतात, आणि हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत रिकाम्या पोटी कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

शिक्षक कोण? पाळकांना इतके वर्ग घेणे शक्य नाही. म्हणून दहावी-बारावी झालेल्या, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींवर हे काम येते. एका परीने तेच या शाळेचे सर्वांत मोठे बळ. नऊ वर्षांच्या मुलाला पाळकबुवा हे दूरचे वाटतात. पण आपल्याच गल्लीतील, आपल्यासारखीच मराठी बोलणारी ताई जेव्हा पेटी वाजवून गीत शिकविते तेव्हा त्याला प्रथमच कळते की ही श्रद्धा केवळ आपल्या घरातील विचित्र चाल नसून तिच्यात राहून माणसे मोठी होतात, शिकतात, हसतात. वर्गातील एकुलत्या एका ख्रिस्ती मुलाला आणखी चाळीस मुलांच्या आवाजात आपला आवाज मिळविता येणे, हा अनुभव कोणत्याही धड्याहून खोल जातो.

भाषेचा प्रश्न मात्र शिबिराच्या चालकांना डोळसपणे सोडवावा लागतो. बाजारात मिळणारी तयार पुस्तके व चित्रतक्ते पुष्कळदा परदेशी नमुन्यावरून तयार झालेले असतात. त्यांतील मुले बर्फात खेळतात आणि त्यांच्या मेंढपाळाच्या अंगावर निराळाच वेष असतो. धनगरांचे कळप ज्यांनी रस्त्याने जाताना पाहिले आहेत त्या खानदेशी मुलांना मेंढपाळ परदेशातून आणून दाखवावा, ही गोष्ट थोडी हास्यास्पदच. मराठी ख्रिस्ती समाजाच्या घरात याहून चांगला ठेवा पडून आहे. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतात त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची आणि ओवीची चाल दिली. कीर्तनाचा उपयोगही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी एकोणिसाव्या शतकापासून केला आहे. झांजा आणि ढोलकीवर म्हटलेले भजन उधन्यातील मुलाला दोन दिवसांत पाठ होते. गावी गेल्यावर आजीलाही ते ओळखीचे निघते. घरात मावची बोलणाऱ्या मुलांसाठी गोष्ट एकदा मराठीत सांगून पुन्हा त्यांच्यापैकीच एखाद्याला आपल्या बोलीत सांगावयास लावणे, ही युक्ती साधी खरी. पण सांगणाऱ्या मुलाची छाती त्या दिवशी दोन बोटे फुगते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. शिबिर हे भावनेचे स्थान आहे. मुक्कामी शिबिराची शेवटची रात्र, विझत आलेली शेकोटी, गीताचा हळू झालेला सूर आणि जागरणाने थकलेली मने अशा वेळी एखादा उत्साही वक्ता मुलांना उभे राहून निर्णय जाहीर करण्यास सांगतो. शेजारचा उभा राहिला म्हणून दहा वर्षांचे मूलही उभे राहते. ते खोटे बोलत नसते. पण आपण काय केले याचा अर्थही त्याला पुरता उमगलेला नसतो. आठ दिवसांनी ती उकळी शांत झाली म्हणजे त्याला वाटते, आपण देवाला फसविले. नरकाचे भय घालून मुलांना रडविणे हा तर सरळसरळ अन्याय होय. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, शंका आली तर त्यांना गप्प बसवू नये आणि निर्णयाची घाई करू नये, एवढे पथ्य पाळले नाही तर शिबिराने साधण्याऐवजी बिघडण्याचाच संभव अधिक.

कायद्याचेही भान हवे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. गुजरातेत २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे व २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. धर्मांतर घडविणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी असे त्या कायद्यात सांगितले असून, बळाने किंवा आमिषाने धर्मांतर घडविणाऱ्यास शिक्षा आहे. ज्याचे धर्मांतर घडविले तो अज्ञान असेल तर ती अधिक कडक. १९९८ च्या डिसेंबरात डांग जिल्ह्यात प्रार्थनास्थळांवर झालेल्या हल्ल्यांची आठवण त्या भागातील ख्रिस्ती कुटुंबे विसरलेली नाहीत. अशा स्थितीत शिबिर उघड्या दाराने चालविणे, प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घेणे आणि शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान घरातील मूल खेळाच्या व खाऊच्या ओढीने आले तर त्याच्या आई-वडिलांना प्रथम भेटून येथे काय शिकविले जाते ते स्पष्ट सांगणे, हे केवळ कायद्याच्या भीतीने करावयाचे नाही. आपल्या मुलाला आपल्या श्रद्धेत वाढविण्याचा जो हक्क ख्रिस्ती बाप स्वतःसाठी मागतो, तोच शेजारच्या बापालाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या चौदाव्या अनुच्छेदात, जिला भारताने १९९२ साली मान्यता दिली, मुलाचे विचार-श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि मुलाच्या वाढत्या समजुतीनुसार त्याला मार्ग दाखविण्याचा पालकांचा अधिकार या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत.

सुरक्षिततेबद्दल एक शब्द पुरे. मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहू नये, मुक्कामात मुलींच्या व्यवस्थेस स्त्रिया असाव्यात, नदीत किंवा तलावात पोहावयास नेऊ नये आणि तक्रार आली तर ती मंडळीच्या अब्रूसाठी दडपू नये. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा तक्रार न कळविणाऱ्यालाही दोषी धरतो.

आणि मग घर. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंग्टसन यांनी १९७० पासून सुमारे साडेतीनशे कुटुंबांतील साडेतीन हजारांवर व्यक्तींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली ग्रंथरूपाने मांडले. श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती आई-वडिलांच्या शिकवणुकीपेक्षाही त्यांच्या मायेच्या उबेमुळे, आणि त्यातही बापाच्या मायेचे वजन फार, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्नियातील कुटुंबे आणि उधन्यातील चाळ यांत अंतर मोठे आहे. तरीही कडक, धाक घालणारा आणि धर्मनिष्ठ बाप आपल्या मुलाला धर्मापासून दूर लोटतो हा अनुभव चाळीतही निराळा नाही.

म्हणून जे शिबिर मुलाला दहा दिवस ठेवून घेते आणि त्याच्या बापाला फक्त शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवावयास बोलाविते, ते अर्धेच काम करते. खरे कौशल्य पालकांना आरंभापासून सोबत घेण्यात आहे. ‘रोज अर्धा तास कौटुंबिक उपासना करा’ असा उपदेश बारा तास माग चालविणाऱ्या माणसाला केला तर तो मान डोलावील आणि घरी गेल्यावर अपराधी वाटून झोपी जाईल. त्याला पेलेल असे काही सांगावे. पाळी बदलते त्या दिवशी सगळे घर एकत्र जेवते. त्या एका जेवणाआधी मुलाने शिबिरातले गीत म्हणावे आणि बापाने एक वाक्य प्रार्थना करावी. रात्रपाळीस निघताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. त्याला मिनिटही लागत नाही. वाचता न येणाऱ्या आईने आपल्या लहानपणी गावी नाताळ कसा होत असे ते सांगावे. पाठ केलेले वचन मुलाने आईला शिकवावे, म्हणजे घरात शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण याची नेहमीची उतरंड क्षणभर उलटी होते आणि दोघांनाही तिची मौज वाटते. पुष्कळ बापांना मुलासमोर मोठ्याने प्रार्थना करण्याचाच संकोच वाटतो. त्यांच्यासाठी शिबिराच्या काळात दोन संध्याकाळी, दिवसपाळी सुटल्यानंतर, पुरुषांची लहानशी बैठक घेतली आणि तेथे कोणी कोणाला हसणार नाही असे पाहिले, तर तो संकोच बराच सुटतो.

कुटुंबाच्या अडचणी नेहमी श्रद्धेच्याच नसतात. बापाचे पिणे, उधारी, आजारी आई, घरभाड्याची थकबाकी, वर्षाच्या मध्यावर गावी परतल्यामुळे सुटलेली शाळा या गोष्टी मूल शिबिरात चित्र काढता काढता सहज सांगून टाकते. ती ऐकणाऱ्या विशीतल्या शिक्षिकेने ते मनात ठेवून पाळकांना किंवा मंडळीतील अनुभवी स्त्रीला सांगावे आणि त्या घरी कोणीतरी जावे. गुजरातमधील शाळा साधारणतः जूनच्या मध्यास उघडतात. त्याच सुमारास गावी गेलेली कुटुंबे तापी मार्गाच्या गाड्यांनी उधन्यास परत येतात. शिबिराच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे घराचा पत्ता आणि आई-बापाच्या पाळीची वेळ लिहिलेली असेल, तर पहिल्या पावसाच्या आठवड्यात, वडील घरी असतील त्या वेळी, त्या दारावर थाप देता येते.